मातीचं मोल (लेखांक ६) : माती जाते कुणाची, पैसे भरतो कोण?

मागच्या लेखांकात सुपीक माती तयार व्हायला किती काळ लागतो ते पाहिलं. ती वाहून गेली की पैशात काय नुकसान होतं, हे समजून घ्यायला या आठवड्यात इथिओपियाच्या पठारावर जाऊ. या देशात कमावत्या हातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश हात शेतीत राबतात.

तिथलं मुख्य धान्य टेफ. दाणा खसखशीएवढा बारीक, त्यामुळे रान अगदी भुसभुशीत लागतं. शेतकरी बैलांच्या लाकडी नांगराने तीन-चार वेळा, कधी पाच वेळा नांगरट करतो आणि जुलैत, ऐन पावसात पेरतो. पीक जमीन झाकेपर्यंत उघड्या उतारावर पाऊस कोसळत राहतो. तिथे १९८१ पासून मोजमापं घेणारे स्विस भूगोलतज्ज्ञ हान्स हुर्नी यांच्या अंदाजाने पिकाखालच्या जमिनीतून वर्षाला सरासरी हेक्टरी ४२ टन माती जाते. म्हणजे एकरी सुमारे १७ टन, ट्रॉलीच्या चार-पाच खेपा. थर मात्र तीन-चार मिलिमीटरचाच, म्हणून नजरेला काही जाणवत नाही.

वरच्या थराबरोबर सेंद्रिय अंश जातो. मग पिकाला वरून द्यायचं खत वाढतं, ते परदेशातून येतं, आणि मरगळलेल्या रानात त्याचा पुरेसा उताराही मिळत नाही. त्यात झाडं तुटल्यामुळे सरपण नाही, म्हणून शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात. शेताचं खत जळतं, पीक घटतं आणि घटलेल्या पिकाची भरपाई करायला आणखी उतार नांगराखाली येतो.

मग बांध का घालत नाहीत? हा प्रश्न शहरात बसून विचारणं मला अन्यायाचं वाटतं. तीव्र उतारावर बांधच जमिनीचा दहावा हिस्सा खातात, कधी त्याहून जास्त. पहिली काही वर्षं उत्पन्न कमीच येतं. ज्याच्या घरात पुढच्या सुगीपर्यंतचं धान्य नाही, त्याने दहा वर्षांनंतरच्या फायद्यासाठी आजचं पीक सोडायचं कसं? शिवाय १९७५ पासून जमीन सरकारची. उद्या हे रान आपल्याकडे राहील याची खात्री नसेल, तर दगड वाहायला अंगात बळ येत नाही. देशाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात १९९८ पासून कुटुंबांना जमिनीच्या वहिवाटीचे दाखले दिले गेले. दाखला हाती आलेल्यांनी बांधबंदिस्तीवर जास्त मेहनत घेतल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

वाहिलेली माती निळ्या नाईलमधून सुदानात उतरत आली आहे. १९६६ मध्ये पुऱ्या झालेल्या रोसेरेस धरणाची जवळपास एक-तृतीयांश साठवण गाळाने गेली. २०१३ मध्ये धरणाची भिंत १० मीटरने उंच करावी लागली. गाळ पुढे जावा म्हणून पुराच्या दिवसांत पाणी अडवता येत नसे, म्हणजे पाणी भरपूर असतानाच वीज कमी. पुढे सुदानातल्याच गेझीरा सिंचन योजनेच्या कालव्यांतून गाळ उपसायचा खर्च निराळाच. एका देशाच्या उतारावरचं नुकसान असं दुसऱ्या देशाच्या खजिन्यातून भरलं जातं.

आता राष्ट्रीय उत्पन्नाचा रूढ हिशेब पाहा. गाळ उपसण्याची मजुरी उत्पन्नात जमा होते. यंत्राची झीज निव्वळ उत्पन्न काढताना वजा होते. मातीची झीज कुठेच वजा होत नाही. म्हणून अर्थमंत्र्यांपुढच्या तक्त्यात वाढ दिसत राहते आणि बांधबंदिस्तीचा निधी मागणारा अधिकारी रिकाम्या हाताने परततो.

पुढच्या लेखांकात टिग्रेच्या गावांनी सामूहिक श्रमातून हे उतार कसे बांधून काढले ते पाहू.