सर्दी गेली, खवखव राहिली



दिवाळीच्या सुमारास आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. पहाटे गारवा, दुपारी ऊन, आणि दिवसभर नाकातोंडात धूळ. याच दिवसांत घरोघर पडसे येते. आठवडाभरात नाक वाहायचे थांबते, अंगदुखी जाते, माणूस पुन्हा कामाला लागतो. घसा मात्र मोकळा होत नाही. खवखव राहते, आवाज घोगरा येतो, रात्री आडवे झाले की खोकल्याची उबळ येते. मग शंका येते, की सर्दी तर गेली, मग हे काय मागे राहिले?

याचे उत्तर सोपे आहे. पडसे विषाणूंमुळे होते. आपल्या नाकात आणि श्वासनळीत आतून ओलसर अस्तर असते. त्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सारखी हलत राहून अडकलेली धूळ व चिकटा बाहेर लोटते. विषाणू ही लव झोडपून काढतात. गारपीट तासाभरात थांबते, पण झोडपलेले पीक सावरायला दिवस लागतात ना? तसेच हे. रोग जातो, पण अस्तर भरून यायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तोवर नाकातला चिकटा मागून घशात उतरतो. त्यात चुलीचा धूर, जिनिंगमधली कापसाची तूस, वणीकडे कोळशाची धूळ! घसा बरा व्हायचा कसा?

अशा घशाला विसावा हाच मुख्य उपाय. कोमट पाणी घोट-घोट प्या. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. कामावर नाकातोंडाला स्वच्छ फडके बांधा. खाकरून-खाकरून घसा साफ करू नका. त्याने तो आणखी सोलतो. रात्री मधाचे बोट चाटले तर उबळ कमी होते, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नका. गुरुजनांनी आवाजाला जपावे. घसा बसला असता कुजबुजत बोलल्याने आराम मिळतो असे वाटते, पण पुष्कळदा ताणच पडतो. त्यापेक्षा थोडे बोला, फळ्यावर जास्त लिहा.

आणि एक गोष्ट. “डॉक्टरसाहेब, एक सुई मारून द्या,” असा हट्ट धरू नका. जंतुनाशक औषधे विषाणूंवर चालत नाहीत. उगाच घेतली तर पैसा जातो, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा ती लागू पडेनाशी होतात.

मग दवाखान्यात जायचे केव्हा? त्यासाठी दिवस मोजायला शिका. खोकला सुरू झाला, की त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करा.

खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, की प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. तो क्षय असू शकतो. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत, आणि नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आवाज तीन आठवडे घोगराच राहिला, गिळताना काही अडकते, मानेत गाठ लागते किंवा तोंडातले चट्टे भरून येत नाहीत, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. खर्रा, तंबाखू, बिडीची सवय असणाऱ्याने तर एक दिवसही टाळू नये. कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. ही तपासणी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते.

लेकरांचे वेगळे आहे. गुरुजी, इकडे जरा लक्ष द्या. सर्दी-खोकला नाही, पण ताप आहे, गिळताना मूल रडते, घशात पांढरे ठिपके दिसतात, तर दोन दिवसांत डॉक्टरांकडे पाठवा. हा जंतूंचा घसा. इथे औषध लागते, आणि सांगितले तितके दिवस पुरे करावे लागते. नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. घशात राखाडी पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. त्याच घटकेला रुग्णालय गाठा. त्याची लस मोफत आहे. पाच-सहा वर्षांचा डोस पुष्कळदा राहून जातो. शाळेत नाव घालताना तेवढे विचारा.

श्वास घेताना घरघर होते, थुंकीही गिळवत नाही, लाळ गळते, तोंड उघडत नाही, तर तारखा मोजत बसू नका. 108 वर फोन करा.

शेवटी फवारणीचे. 2017 साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेकांना विषबाधा झाली, कित्येकांचे प्राण गेले. फवारणीनंतर घसा जळजळतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, तर ‘सर्दी असेल’ म्हणून झोपू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी घेऊन तडक रुग्णालयात जा.

बहुतेकांची खवखव आपोआप जाईल, म्हणून घाबरू नका. पण कॅलेंडरावरची ती खूण विसरू नका. घरात कोणी “कधीचा खोकतोस रे?” असे विचारले, तर “बरेच दिवस झाले” एवढे उत्तर पुरेसे नाही; तारीख सांगता आली पाहिजे.