हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

सकाळचे साडेदहा वाजेपर्यंत लॅबच्या टेबलावर जांभळ्या टोपणाच्या नळ्यांची रांग लागलेली असते. नळीत आधीपासून ईडीटीए असतं, म्हणून रक्त गोठत नाही. तंत्रज्ञ एकेक नळी हलक्या हाताने खालीवर करतो (जोरात हलवली तर पेशी फुटतात), यंत्राच्या सुईखाली धरतो आणि बटण दाबतो. थेंबाहूनही कमी रक्त आत ओढलं जातं आणि मिनिटभरात सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट तयार! त्यावर डझनावारी आकडे असतात. पेशंट आणि नातेवाईक त्यातला एकच बघतात, हिमोग्लोबिन. खरं सांगायचं तर घाईतले डॉक्टरही तेवढंच बघतात.

त्याच्या खालच्या ओळी फुकट छापलेल्या नसतात. अशा मोजणीमागची मूळ कल्पना वॉलेस कोल्टर या अमेरिकन संशोधकाची. तिचं पेटंट १९५३ मधलं. खारट द्रावणात विरळ केलेलं रक्त एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढायचं आणि त्याच छिद्रातून वीज खेळवायची. लाल पेशीतून वीज सहज जात नाही, त्यामुळे प्रत्येक पेशी आरपार जाताना प्रवाह क्षणभर अडतो. जितके अडथळे तितक्या पेशी, आणि अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. म्हणजे यंत्र पेशी नुसत्या मोजत नाही, त्यांचं आकारमानही घेतं. पेशीचं सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही. त्याचं एकक फेम्टोलिटर. मोठ्या माणसात ते साधारण ८० ते १०० असतं.

आता दोन बायकांचे रिपोर्ट शेजारी ठेवू. दोघींचं हिमोग्लोबिन १०.५. पहिलीचा एमसीव्ही ७४ आणि लाल पेशी ४५ लाख. दुसरीचा एमसीव्ही ६१, पण पेशी ५६ लाख. दोघींनाही ‘रक्त कमी आहे’ असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पहिलीला त्या लागू पडतील. दुसरी महिनोन् महिने गोळ्या घेईल आणि आकडा जागचा हलणार नाही, कारण ती बहुधा बीटा थॅलेसेमियाची वाहक आहे. लोह कमी पडलं की पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेकडे कच्चा मालच नसतो, त्यामुळे पेशी लहान होतात आणि संख्येनेही रोडावतात. वाहकाच्या शरीरात लोह असतं, पण हिमोग्लोबिनची एक साखळी जनुकातल्या दोषामुळे कमी बनते. म्हणून पेशी इवल्याशा, पण मज्जा त्या भरभरून काढते.

हा फरक विल्यम मेंट्झर यांनी १९७३ मध्ये एका साध्या भागाकारात बसवला. एमसीव्हीला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने भागायचं. उत्तर १३ च्या वर आलं तर लोहाची कमतरता, खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय. पहिलीचं उत्तर १६.४, दुसरीचं १०.९.

संशयच, निदान नव्हे. ही सीमारेषा लॅबमधली जाणती माणसं फार जपून वापरतात. एकाच बाईला दोन्ही गोष्टी असू शकतात. बी-१२ कमी असेल तर पेशी फुगतात आणि वाहकाचा लहान एमसीव्ही झाकला जातो. शाकाहारी घरांत हे विसरून चालत नाही. नमुना दिवसभर पडून राहिला तरी पेशी फुगतात. म्हणून चाचणीत एमसीएच, म्हणजे पेशीमागे हिमोग्लोबिनचं वजनही बघतात. ते साठवणीत फारसं हलत नाही. एमसीव्ही ८० च्या किंवा एमसीएच २७ पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर नमुना हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर जातो. तिथे हिमोग्लोबिन ए-२ साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर निघालं की वाहक ठरवतात. इथेही लोहाची कमतरता खोडी काढते. ती ए-२ खाली ओढते.

मोठं यंत्र नसेल तिथे ‘नेस्ट्रॉफ्ट’ करतात, आणि ती बघायला मजा येते. ०.३६ टक्के मिठाच्या द्रावणात थोडंसं रक्त टाकून अर्धा तास ठेवायचं. मग नळीमागे काळी रेघ मारलेला पांढरा कागद धरायचा. नेहमीच्या पेशी फुटून द्रावण पारदर्शक होतं आणि रेघ दिसते. वाहकाच्या पेशी चिवटपणे टिकतात, द्रावण गढूळ राहतं, रेघ लपते.

सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक दोषापुढे मात्र हे सारे आकडे आंधळे. सिकलच्या वाहकाचा एमसीव्ही बहुतेकदा ठीकठाक असतो आणि सीबीसी बिनबोभाट ‘नॉर्मल’ येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात म्हणूनच सोल्युबिलिटी चाचणी करतात आणि नंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून खात्री करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं आहे.

आईवडील दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची. त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वाहकाला स्वतःला मात्र सहसा काहीच होत नाही, म्हणून तो तपासायला येत नाही. सायप्रसने हा पेच लग्नाआधीच्या तपासणीने सोडवला आणि तिथे बाधित मुलांचे जन्म जवळपास थांबले. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण अधिक आढळतं, पण दोष कुठल्याच घराला वर्ज्य नाही.

तेव्हा घरातली जुनी रिपोर्टची फाइल काढा. एमसीव्ही ८० च्या खाली आणि लाल पेशी ५० लाखांच्या वर दिसल्या, तर लग्न ठरण्याआधी किंवा निदान मूल होण्याआधी डॉक्टरांना ए-२ ची तपासणी लिहून द्यायला सांगा. जोडीदाराचीही.