हॅलोवीनसाठी गोधडीच्या टाक्यांची पिशवी

हॅलोवीनच्या पिशवीला काम एकाच संध्याकाळचे असते, पण ते सोपे नसते. ३१ ऑक्टोबरला अंधार पडू लागला की अमेरिका आणि कॅनडातली मुले वेश पालटून बाहेर पडतात, घरोघरी ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत गोळ्या-चॉकलेटे मागतात. बघता बघता पिशवी जड होते, पायऱ्यांवर आपटते, ओल्या गवतावर टेकते. भोपळ्याच्या आकाराचा प्लास्टिकचा डबा किंवा सरळ उशीचा अभ्रा ही तिथली नेहमीची साधने. घरी शिवलेली क्विल्टची पिशवी त्यांच्याहून देखणी असते, अंगाने भक्कम असते आणि धुऊन पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. नातवंडांना किंवा शेजारच्या मुलांना देण्यासाठी ती शिवतात ती याच गुणांमुळे.

या सणाची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या हिवाळ्याच्या सुरुवातीच्या जुन्या सणात आणि १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या ख्रिस्ती सणात आहेत. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत. अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांना भोपळा मिळाला आणि नारिंगी हा या सणाचा रंग होऊन बसला. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन होते. ते १९४७ मध्ये उठल्यावर मुलांचे दारोदार फिरणे अमेरिकाभर जोमाने पसरले. तिथल्या मराठी घरांतली मुलेही आता त्यात असतात. कधी कधी दिवाळी याच दिवसांत येते, २०२४ मध्ये तर दोन्ही सण एकत्रच आले.

क्विल्ट म्हणजे तीन थर: वर तुकडे जोडून केलेले कापड, मध्ये भरण, खाली आणखी एक कापड, आणि हे तिन्ही धरून ठेवणारे टाके. गोधडी शिवणाऱ्या हातांना यात नवे काही नाही. फरक एवढाच, की गोधडीत बहुधा जुन्या साड्या-धोतरांचेच थर असतात, तर इथे मधल्या थराला ‘बॅटिंग’ नावाची दाबून बनवलेली तयार गादी वापरतात. ती सुती किंवा पॉलिएस्टरची मिळते. पिशवीसाठी सुतीच बरी. ती इस्त्रीचा ताप सोसते आणि कापडाला घट्ट धरून राहते. पॉलिएस्टर फुगीर दिसते, पण तापल्या इस्त्रीखाली वितळू शकते.

क्विल्टसाठीचे सुती कापड अमेरिकेत साधारण ४४ इंच पन्ह्याचे असते. हॅलोवीनचे छाप तिथल्या दुकानांत उन्हाळ्यातच येतात. ५ इंची चौकोनांचे तयार संचही मिळतात, आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. एका बाजूला तीन ओळींत तीन-तीन, म्हणजे नऊ चौकोन लागतात. दोन्ही बाजूंचे मिळून १८. चौकोन पाव इंचावर टीप मारून जोडले की शिलाईत दोन्हीकडून कापड जाते, आणि १४ इंचांचा चौरस हाती येतो. पहिल्या ओळीतल्या शिवणी डावीकडे आणि दुसरीतल्या उजवीकडे इस्त्रीने दाबाव्यात. मग ओळी जोडताना शिवणी एकमेकींत बसतात आणि कोपरे जुळतात. छापातले भोपळे, वटवाघळे, भुते एका दिशेने उभी असतील तर पिशवी अखंड लांब कापडाची घडी घालून शिवू नये. मागच्या बाजूचे सगळे भोपळे उलटे लटकतात. पुढची आणि मागची बाजू वेगळी करून तळाशी जोडणे हाच सरळ उपाय.

बॅटिंग आणि मागचे कापड १६ इंचांचे कापावे, कारण टाके पडत जातात तसे सगळे आकसते. मागचे कापड अस्तराखाली झाकले जाणार असल्याने साधे मांजरपाट पुरते. तिन्ही थर सपाट अंथरून मोठे कच्चे टाके घालावेत किंवा वाकड्या सेफ्टी पिना लावाव्यात. इथे घाई केली तर पुढे चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत. चुण्यांचे कारण मशीनमध्ये आहे. खालचे दाते तळाचे कापड पुढे नेतात, पण वरचे कापड नुसते दाबाखाली असते आणि मागे राहते. वॉकिंग फूट नावाच्या जोडणीला वरच्या बाजूनेही दाते असतात, त्यामुळे सगळे थर एका चालीने सरकतात. क्विल्टिंगसाठी एकच जादा वस्तू घ्यायची असेल तर ती ही घ्यावी. सोबत ९०/१४ क्रमांकाची सुई आणि सुमारे ३ मिलिमीटरचा टाका ठेवावा. टिपा मधून सुरू करून कडेकडे न्याव्यात, म्हणजे ढिले कापड बाहेर सरकत जाते.

टाक्यांची नक्षी हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. इंच-दीड इंचावर सरळ किंवा तिरक्या समांतर रेषा पुरेशा शोभतात, भारही पेलतात. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने कोळ्याचे जाळे मात्र फारच खुलते. एका कोपऱ्यातून पंख्यासारख्या रेषा सोडायच्या आणि त्यांना आत झुकलेल्या कमानींनी जोडत जायचे. रेषा थोड्या वाकड्या गेल्या तरी जाळे जाळेच दिसते, त्यामुळे शिकणाऱ्याला यात धीर येतो.

टिपा झाल्यावर दोन्ही बाजू पुन्हा १४ इंची चौरस कापून घ्याव्यात. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून तळ आणि दोन्ही कडा अर्ध्या इंचावर शिवाव्यात. मग तळाच्या कोपऱ्यात कडेची शिवण तळाच्या शिवणीवर आणून त्रिकोण करावा आणि टोकापासून दीड इंचावर आडवी टीप मारून टोक कापावे. त्याने ३ इंच रुंद तळ तयार होतो आणि पिशवी उभी राहते. दोन बंदांसाठी ४ इंच रुंद पट्ट्या चौपदरी दुमडून दोन्ही कडांनी टीप मारावी, की इंचभर रुंदीचे मजबूत बंद होतात. त्यांची लांबी ठरवताना पिशवी कोण धरणार याचा विचार हवा. मोठ्या माणसाच्या खांद्यासाठी २४ इंच ठीक. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात तेवढ्या बंदांची पिशवी जमिनीवर घासते. त्याला १४ इंच पुरतात. बंद मधल्या चौकोनाच्या दोन शिवणींवर बसवावेत आणि तिथे उलटसुलट टीप मारावी, कारण सगळे वजन त्याच जागी येते.

अस्तराचा रंग फिका हवा. काळ्या अस्तरात रात्री गोळी सापडत नाही. अस्तर तसेच शिवावे, पण टीप नखभर आतून घ्यावी, म्हणजे ते आत झोळ घेत नाही. तळाशी ५ इंचांची फट ठेवावी. सुलटी पिशवी उलट्या अस्तरात घालून, बंद मध्ये दडवून तोंडाभोवती टीप मारायची आणि फटीतून सगळे बाहेर उलटवायचे. शेवटी फट शिवून तोंडाच्या काठाने वरून एक टीप घालावी.

भेट म्हणून देताना आत मुलाचे नाव भरलेली छोटी पट्टी लावता येते. बाहेर चमकणाऱ्या टेपची पट्टी शिवली तर गाडीच्या दिव्यात मूल लांबून दिसते. या पिशवीत एवढी एक तरी सोय असावीच. चॉकलेटचे डाग पडणारच. थंड पाण्यात, गडद रंगांच्या कपड्यांबरोबर धुवावी आणि सपाट वाळवावी, ही सूचना चिठ्ठीवर लिहून पिशवीसोबत द्यावी. पहिल्या धुण्यात सुती बॅटिंग किंचित आकसते आणि टाक्यांभोवती बारीक सुरकुत्या उठतात. तो दोष नव्हे. क्विल्ट करणारे याच रूपासाठी सुती बॅटिंग निवडतात.