श्रेय कुणाच्या खात्यावर?
अर्थशास्त्र कोण लिहिते? : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण नोबेलच्या यादीपाशी थांबलो होतो. अर्थशास्त्राचे हे पारितोषिक 1969 पासून दिले जाते आणि त्या यादीत स्त्रिया तीनच आहेत : 2009 मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम, 2019 मध्ये एस्थर डुफ्लो आणि 2023 मध्ये क्लॉडिया गोल्डिन. कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ एकच, 1979 चे मानकरी आर्थर लुइस. पण यादी हे शेवटचे टोक झाले. तिथवर पोचण्याआधीच माणसे गळतात, आणि ती कुठे गळतात हे बरेचसे मोजून झालेले आहे.

अमेरिकी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेल्याला साधारण सहा-सात वर्षे मिळतात. मुदत संपली की विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक त्याचे शोधनिबंध पुढ्यात घेऊन बसतात आणि ठरवतात : कायम करायचे की निरोप द्यायचा. कायम होणे म्हणजे टेन्युअर. आता अर्थशास्त्रात एक जुनी रीत अशी, की सहलेखकांची नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापायची. दोघांच्या निबंधात मूळ कल्पना कुणाची, गणित कुणी मांडले, महिनोन्‌महिने आकडेवारी कुणी उपसली, हे नुसत्या निबंधावरून कळायला मार्ग नसतो. ठरवणाऱ्यांना अंदाजच बांधावा लागतो.

हा अंदाज कसा बांधला जातो, हे हेदर सार्सन्स यांनी तपासले. पुरुषाने एकट्याने लिहिले काय किंवा कुणाबरोबर लिहिले काय, त्याला टेन्युअर मिळण्याच्या शक्यतेत फारसा फरक पडत नाही. स्त्रीचे तसे नाही. तिच्या खात्यावर सहलेखनाचे निबंध जितके जास्त, तितकी तिची शक्यता कमी. सहलेखक स्त्रियाच असतील तर हा तोटा बराच कमी होतो. याचा अर्थ लावायला तज्ज्ञ असावे लागत नाही. निबंधावर एक पुरुष आणि एक स्त्री अशी नावे दिसली, की कामाचा मोठा वाटा पुरुषाचा असणार असे वाचणारा गृहीत धरतो. या बैठकीत बसणारी माणसे दुष्ट असतात असे मला वाटत नाही. आपण गुणवत्ताच तोलतो आहोत अशी त्यांची खात्री असते. म्हणूनच ही गोष्ट गंभीर आहे. जिथे माहिती अपुरी पडते तिथली रिकामी जागा पूर्वग्रह भरून काढतो आणि निकालावर शिक्का मात्र गुणवत्तेचा बसतो.

आपल्याकडे आडनाव नेमके हेच काम करते, आणि ते आकड्यांत दाखवून दिले अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. सुखदेव थोरात यांनी. पॉल अटवेल यांच्यासह त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, वेगळे फक्त नाव : एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सवर्णापेक्षा कमी निघाली आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. हे संशोधन 2007 मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आले. डॉ. आंबेडकरांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळाली ती 1923 मध्ये. त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी हा अर्जांचा प्रयोग छापून आला. भारतीय श्रमबाजाराचा अभ्यास या काळात थोडाथोडका झालेला नाही. तरी जातीचा प्रश्न इतक्या थेट रीतीने विचारायला एवढा उशीर लागला, याचे कारण मी तरी विद्यापीठांच्या विभागांत कोण बसत होते यातच शोधेन. ज्याला कधी आडनाव लपवावे लागले नाही, त्याला हा प्रयोग सुचणे अवघडच.

पुन्हा अमेरिकेकडे, आता सेमिनारच्या खोलीत. इतर अनेक विषयांत वक्त्याला बोलू देतात आणि प्रश्न शेवटी विचारतात. अर्थशास्त्रात दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडलाच हात वर होतात. काही जण तर हातही वर करत नाहीत, सरळ बोलू लागतात. तासाभराच्या मांडणीत वक्ता मुख्य निष्कर्षापर्यंत पोचलाच नाही, असेही घडते. पास्कलीन ड्युपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेकडो सेमिनारांत निरीक्षक बसवून प्रत्येक प्रश्नाची नोंद केली. 2021 मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार स्त्री वक्त्यांना पुरुषांपेक्षा सुमारे 12 टक्के जास्त प्रश्न विचारले गेले. शिवाय त्यांच्या वाट्याला येणारे प्रश्न शिकवल्याच्या सुरातले किंवा अंगावर येणारे असण्याची शक्यताही जास्त होती. नोकरीसाठी आलेल्या तरुण उमेदवाराचे सारे भवितव्य याच खोलीत ठरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या टक्क्यांचे वजन कळते.

उपायांची कथा याहून शिकवणारी आहे. ऐन टेन्युअरच्या वर्षांत मूल झाले तर मुदत एक वर्ष वाढवून द्यावी, असा नियम अनेक विद्यापीठांनी केला. कुणावर अन्याय नको म्हणून तो आई आणि बाप दोघांनाही सारखाच लागू केला. कागदावर याहून न्याय्य काय असणार! अँटेकॉल, बेडार्ड आणि स्टर्न्स या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या पहिल्या पन्नास अर्थशास्त्र विभागांत 1980 ते 2005 या काळात झालेल्या नेमणुका तपासल्या. हा नियम आल्यावर पुरुषांना टेन्युअर मिळण्याचे प्रमाण बरेच वाढले आणि स्त्रियांचे बरेच घसरले. वाढीव वर्षात आईच्या वाट्याला बाळंतपण, दूध पाजणे, रात्रीची जागरणे आली. बापाला तेच वर्ष वरच्या नियतकालिकांत आणखी निबंध छापून आणायला मिळाले. दोघांची तुलना मात्र एकाच फुटपट्टीने झाली. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, पण हेतूने मुदत भरून निघत नाही.

जे उपाय लागू पडले ते दिसायला साधे आहेत. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची स्त्रियांविषयीची समिती तरुण प्राध्यापिकांसाठी मार्गदर्शनाची कार्यशाळा घेते. लहान गटात बसायचे, एकमेकींचे निबंध वाचायचे आणि ज्येष्ठ प्राध्यापिकांनी त्यावर बारकाईने बोलायचे. जागांपेक्षा अर्ज जास्त येत, म्हणून निवड चिठ्ठ्या टाकून झाली, आणि त्यामुळेच परिणाम मोजता आला. ज्यांना जागा मिळाली त्या इतर अर्जदारांपेक्षा अधिक संख्येने संशोधनात टिकल्या आणि नावाजलेल्या विभागांत कायमही झाल्या. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातला उपाय तर आणखी स्वस्त. कॅथरिन पोर्टर आणि डॅनिला सेरा यांनी तिथे अर्थशास्त्र शिकून पुढे गेलेल्या स्त्रियांना अर्थशास्त्राच्या पायाभूत वर्गात पाहुण्या म्हणून बोलावले आणि पंधरा मिनिटे बोलू दिले. एरवी मुलींपैकी 9 टक्के हा विषय निवडत. त्यात 8 टक्केबिंदूंची भर पडली. आपल्या महाविद्यालयांना हे करायला अनुदान लागत नाही, ठरावही लागत नाही. येत्या सत्रात एखाद्या माजी विद्यार्थिनीला फोन केला तरी पुरे.

सहलेखनाच्या श्रेयाचा गुंता मात्र अजून सुटलेला नाही. कुणी काय केले हे निबंधातच लिहावे, असा पर्याय सुचवला जातो, तर नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवून तसे जाहीर करावे असे काही जण म्हणतात. दुसऱ्याने वर्णानुक्रमात आधी येणाऱ्या आडनावांना मिळणारा फायदा जाईल, पण श्रेयाचा प्रश्न तसाच राहील. मला पहिला बरा वाटतो.

पुढच्या आठवड्यात निबंध छापून येण्याआधीच्या टप्प्याकडे वळू. एरिन हेंगेल यांना 'इकॉनॉमेट्रिका' या नियतकालिकात असे दिसले, की स्त्रियांनी लिहिलेल्या निबंधांना परीक्षणाच्या फेऱ्यांतून बाहेर पडायला पुरुषांच्या निबंधांपेक्षा सुमारे सहा महिने जास्त लागतात. त्या सहा महिन्यांत निबंधाचे नेमके काय होते, ते पाहू.