टाइल्स लावण्याआधी एक रात्र थांबा



आपल्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून न्हाणीघर बांधलं. गिझर बसवला, भिंतीवर गरम-गार पाण्याचा वॉल मिक्सर आणि वर शॉवर. दोन महिन्यांत पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे पडले. टाइल्स फोडल्या, तर गरम पाण्याच्या एल्बोपाशी थेंब थेंब गळत होतं. कर्जाचे हप्ते चालूच, त्यात फोडाफोडीचा खर्च.

काम प्लंबरच करेल. पण समोर उभं राहून काय बघायचं, ते आपल्याला माहीत हवं.

मिक्सर आधी आणा, पाइप नंतर बसवा. भिंतीतून दोन तोंडं निघतात. समोर उभं राहिलं की डावीकडे गरम, उजवीकडे गार. बहुतेक मिक्सरना दोन्ही तोंडांच्या मध्यांमधलं अंतर 150 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सहा इंच लागतं. तोंडं एका पातळीत आणि टाइल लावल्यावर तिच्या बरोबरीला येतील अशी हवीत. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइपच घ्या. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाइप चिकटवल्यावर एक दिवस सोल्युशन वाळू द्या. मग दोन्ही तोंडांना डमी लावा, टाकी भरा, व्हॉल्व्ह उघडा आणि रात्रभर तसंच ठेवा. प्लंबरकडे दाब तपासायचा हातपंप असेल तर उत्तमच. सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला, तर जोड आत्ताच बदलता येतो. कोरडा राहिला, तरच गिलावा आणि टाइल्स.

मिक्सर बसवण्याआधी दोन्ही तोंडांतून बादलीभर पाणी सोडून कचरा, वाळू काढून टाका. मग येतात दोन वाकडे तुकडे, त्यांना लेग म्हणतात. लेगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटून येते. लेग आधी हाताने, मग पान्याने बसवा. आवळल्यावर मागे फिरवला, तर टेप फाटते. मग काढून नवीन टेप लावायची. सुतळी-सफेदा सीपीव्हीसीवर नको, तेलाने तो पाइप तडकू शकतो.

लेगवर आधी गोल फ्लँज चढवा, मग मिक्सर. इथल्या दोन नटांना टेप लागत नाही, आतलं रबरी वॉशर पाणी अडवतं. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. पान्याखाली फडकं ठेवा, म्हणजे चकाकी जात नाही.

आणि जोर लावू नका! “घट्ट आवळलं की गळत नाही,” असं आपल्याला वाटतं. पण जास्त जोराने वॉशर कापतं. लेग जोरात पिळला, तर भिंतीतला एल्बो फिरतो आणि आतला जोड निखळतो. त्या ताईंच्या घरी हेच झालं होतं.

शेवटी सगळं कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरा, मिक्सर बंद ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह उघडा. नटापाशी ओल आली तर वॉशर बघा. फ्लँजच्या मागून आली तर आधी टेप बघा. हे दोन्ही कोरडे आणि तरी भिंत ओली, तर गळती आत आहे. फ्लँजभोवती सिलिकॉन लावायचं ते या तपासणीनंतरच, नाहीतर गळती झाकली जाते.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चार लिटरच्या वर पाणी रोज भिंतीत मुरतं.

जाता जाता एक सांगते. टाइल्स लावण्याआधी उघड्या पाइपांचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला, तर पाइप कुठे आहे ते तो फोटो सांगेल.