सुट्ट्या, पाहुणे आणि बारावीचं वर्ष: घरचं नेट अडकू नये म्हणून काय करायचं?

२५ डिसेंबरची नाताळची सुट्टी आणि त्याला लागून येणारा वर्षअखेरचा आठवडा. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडे याच थंडीच्या दिवसांत निकाहाचे कार्यक्रम असतात. नागपूर-पुण्याला नोकरी करणारी मुलं घरी येतात, कॉन्व्हेंटची लेकरं मोकळी असतात. घरात एरवी चार मोबाईल, ते दहा-बारा होतात. मग सगळीकडून एकच आवाज: "अब्बू, नेट चालत नाही!"

सिनेमा अडकला तर काही बिघडत नाही. पण बारावीची बोर्डाची परीक्षा साधारण फेब्रुवारीत सुरू होते, जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत असतं. म्हणजे सराव चाचण्या आणि ऑनलाईन क्लास याच आठवड्यात येतात. अशा वेळी पॅक मोठा करण्याआधी घरचं नेट जातं कुठे, हे बघायला पाहिजे असं आम्हाला वाटतं.

नेट खातं कोण?

फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ च्या आसपास. म्हणजे ४० एमबीपीएसच्या लाईनवर एकाच वेळी सात-आठ जण एचडी बघू शकतात, निदान हिशोबात तरी. मग अडकतं कुठे?

बहुतेक वेळा अडकतं ते मोबाईल स्वतःहून जे काम करतात त्यात. पाहुण्याच्या मोबाईलला वायफाय मिळालं की त्याला वाटतं, आता फुकट आहे. ॲप अपडेट सुरू होतात, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आपोआप उतरतात, आणि वलिम्याचे तीनशे फोटो गूगल फोटोजवर चढू लागतात. मोबाईल खिशात असतो, मालकाला पत्ताही नसतो.

त्यात अपलोड जास्त त्रास देतं. आपण काहीही डाऊनलोड केलं तरी "मिळालं" अशी पोच आपल्याकडून उलट जावी लागते, रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीसारखी. अपलोडचा रस्ता फोटोंनी भरला की ही पोचच अडकते, मग डाऊनलोडही थांबतं. म्हणून स्पीड भरपूर असूनही क्लास अडकत अडकत चालतो.

उपाय सोपे आहेत:

- ॲण्ड्रॉईड मोबाईलमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क "मीटर्ड" करा. आयफोनमध्ये "लो डेटा मोड" सुरू करा. मोबाईल मग नेट जपून वापरतो.
- गूगल फोटोजचा बॅकअप पाहुणे असेपर्यंत बंद ठेवा. तो मध्यरात्रीनंतर किंवा फजरनंतर चालू द्या.
- राउटरमध्ये "गेस्ट नेटवर्क" असेल तर पाहुण्यांसाठी ते वेगळं नाव-पासवर्ड देऊन सुरू करा. काही राउटरमध्ये त्याच्या स्पीडला मर्यादाही घालता येते. दारी आलेल्या मेहमानाला पासवर्ड नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. गेस्ट नेटवर्क दिलं की त्यांचंही मन राहतं आणि घरचा पासवर्डही घरातच राहतो.

राउटर कुठे ठेवला आहे?

अनेक घरांत तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा वायर जिथे आत आली त्याच कोपऱ्यात असतो. लोखंड, फ्रिज, पाण्याची टाकी आणि जुन्या घरांच्या जाड भिंती सिग्नल अडवतात. राउटर घराच्या मधोमध, खांद्याच्या उंचीवर, मोकळा ठेवा.

बऱ्याच राउटरमध्ये दोन बॅण्ड असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतूनही जातो, पण त्याचा वेग कमी आणि त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतीतच दमतो. अभ्यासाचा लॅपटॉप राउटरजवळ ५ वर लावा, लांबच्या खोलीतले मोबाईल २.४ वर. टीव्हीला लॅन वायर लावली तर वायफाय आणखी मोकळं होतं.

दोष घरात की बाहेर?

रात्री ८ ते ११ ही सगळ्या मोहल्ल्याची वेळ. फायबरमध्ये अनेक ठिकाणी जीपॉन नावाची पद्धत असते. त्यात साधारण २.५ गिगाबिटची एक लाईन ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांनी एकदम जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच येतात, पॅक १०० चा असला तरी. सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत म्हणून एरवी हे चालून जातं.

तीन दिवस हे करून बघा. सकाळी फजरनंतर आणि रात्री नऊ वाजता, राउटरजवळ उभं राहून स्पीड टेस्ट घ्या आणि वहीत लिहा.

- राउटरजवळ चांगला, आतल्या खोलीत खराब: दोष राउटरच्या जागेचा.
- सकाळी चांगला, रात्री खराब: आधी घरातले बाकी मोबाईल बंद करून बघा. तरी खराब असेल तर गर्दी बाहेरच्या लाईनवर.
- दोन्ही वेळी खराब: लाईन, पॅक किंवा राउटरमध्ये दोष.
- डब्यावरचा "एलओएस" दिवा लाल: फायबरमधून प्रकाश येत नाही. वायर तुटली किंवा फार वाकली असेल. चालू-बंद करून उपयोग नाही, लाईनवाल्यालाच बोलवा.

तक्रार केली की डॉकेट नंबर मागून घ्या. वेळेत काम झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या नियमात ही सोय आहे. वहीतले आकडे आणि डॉकेट नंबर असले की बोलणं ठाम होतं.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल डेटा आहे

गावाकडे अनेक घरं एकाच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतात. दिवसाचे २ जीबी असतील तर फुल एचडीचा एक तास सव्वादोन जीबीपर्यंत खातो. डेटा संपला की अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात क्लास चालत नाही. म्हणून व्हिडिओ ३६० पी वर बघा. स्पीड टेस्टही वारंवार घेऊ नका, तीसुद्धा डेटा खाते. बालभारतीची पुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, पीडीएफमध्ये मोफत मिळतात. ती एकदाच उतरवून ठेवा.

परदेशातले कॉल

सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. तिथे ड्युटी संपवून रात्री ८ ला भाईजान कॉल करतात तेव्हा इथे साडेनऊ ते साडेदहा, म्हणजे ऐन गर्दी. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तर दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार. सुट्टीच्या सकाळी कॉल ठरवला तर अम्मींना चेहरा नीट दिसतो. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल सहसा लागत नाही, म्हणून पाहुण्यांच्या गडबडीआधीच अम्मींच्या मोबाईलमध्ये बोटिम टाकून ठेवा.

पहिला हक्क कोणाचा?

यंत्राचं सगळं जमलं तरी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनीच ठरवायची आहे. नेट कमी पडलं की "तू नंतर दे टेस्ट" असं बहुधा मुलीलाच सांगितलं जातं. पाहुण्यांचा चहा-नाश्ताही तिच्याकडेच, मोबाईलही भावाकडे. चाचणीची वेळ मात्र ठरलेली असते, ती पाहुण्यांसाठी थांबत नाही. एक चाचणी चुकली तर आपण कुठे कच्चे आहोत हे तिला कळतच नाही, आणि परीक्षा तर दीड-दोन महिन्यांवर आलेली असते.

म्हणून पाहुणे यायच्या आधी एका कागदावर तिच्या चाचण्यांची तारीख आणि वेळ लिहा आणि तो राउटरच्या बाजूला चिकटवा. तेवढा वेळ टीव्ही बंद, गेस्ट नेटवर्क बंद. मामू-खाला समजून घेतात, फक्त आधी सांगावं लागतं. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन ठेवा. घेताना आपल्या राउटरच्या चार्जरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते बघा, बहुतेकांवर १२ असतात. आणि चाचणीच्या दिवशी एका मोबाईलमधला डेटा शिल्लक ठेवा, फायबर ऐनवेळी तुटलंच तर हॉटस्पॉटवर पेपर पूर्ण होईल.