काजळाची परीक्षा कुणाच्या डोळ्यावर?

अखाजीला माहेरी आलेल्या लेकी, लग्नसराई आणि त्यात जळगाव-धुळ्याचे ऊन! या दिवसांत डोळे चुरचुरतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनी पुष्कळ. परवा एकीने काजळाची डबी पुढे करून विचारले, "डॉक्टर, प्राण्यांवर चाचणी केलेली नाही असे यावर छापले आहे. मग हे तपासले तरी कशावर?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी ही परीक्षा सशाला द्यावी लागे. अमेरिकेतील जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली ती पद्धत मांडली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि प्रसंगी २१ दिवसांपर्यंत लाली, सूज, बुबुळावरचा पांढुरकेपणा पाहत राहायचे. मुका जीव बिचारा! आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी आली.

आता प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी पोषक द्रवात वाढवतात. थरावर थर चढून बुबुळाच्या पारदर्शक आवरणासारखा पातळ पडदा तयार होतो. त्यावर तपासायचा पदार्थ ठराविक वेळ ठेवून धुऊन टाकतात. मग एक पिवळे द्रावण घालतात. जिवंत पेशी त्याचा रंग जांभळा करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. जांभळा रंग यंत्राने मोजला की किती पेशी तगल्या ते कळते. नेहमीच्या एका पद्धतीत ६० टक्क्यांहून अधिक तगल्या, तर पदार्थ डोळ्याला दाहक धरत नाहीत. कमी तगल्या, तर इजा किती गंभीर हे ठरवायला पुढची चाचणी लागते.

मात्र या पडद्याला आसवे नाहीत, पापणी नाही, रक्तही नाही. त्यामुळे एखाद्यालाच येणारी ॲलर्जी त्यात दिसत नाही. काही सुरम्यांत शिसे असते, तेही या चाचणीत पकडले जात नाही. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते आणि शिसे पोटात जाऊन मेंदूच्या वाढीला बाधा आणते. घरी दिव्यावर धरलेल्या काजळात शिसे नसले, तरी घालणाऱ्या बोटाचे नख आणि जंतू असतातच. तान्ह्याच्या डोळ्यात काहीच घालू नये. दृष्टच काढायची तर तीट तळपायाला लावा, आजीबाईही रागावणार नाहीत. एकच काजळकांडी नणंद-भावजयींनी वापरू नये.

शाम्पू किंवा प्रसाधन डोळ्यात गेल्यास चोळू नका. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ मिनिटे डोळा धुवा. मध, गुलाबपाणी, शेजारणीचे उरलेले थेंब यांपैकी काही नको. त्यानंतरही दुखले किंवा अंधुक दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि जाताना ती डबी बरोबर न्या.